पावणेदोन वाजताचा निर्णय : मंगल कार्यालयातले जादा अन्न आणि २०१९ चे नियम

वैशाखातली दाट तिथी. पुण्याच्या उपनगरातले मंगल कार्यालय, बारा चाळीसचा मुहूर्त, केटररला दिलेली ऑर्डर ८०० पानांची. बेत नेहमीचा: मसालेभात, वरण, बटाट्याची सुकी भाजी, मटार-पनीर, पुऱ्या, जिलेबी, श्रीखंड, काकडीची कोशिंबीर आणि मठ्ठा. त्याच दिवशी गावात आणखी बरीच लग्ने होती. पाहुणे वाटले गेले आणि जेवायला बसले ६१०.

साडेतीनला बुफेची टेबले आवरायला घेतली तेव्हा ३० किलो मसालेभात, २२ लिटर वरण, १४ किलो बटाट्याची भाजी, ६ किलो मटार-पनीर, ७ किलो श्रीखंड, ५ किलो जिलेबी, ८ किलो कोशिंबीर, २५ लिटर मठ्ठा, ३०० तळलेल्या पुऱ्या आणि ६ किलो मळलेली कणीक शिल्लक होती. वधूच्या मामांनी "अन्न वाया जाऊ देऊ नका" म्हणून सांगितले, कार्यालयाच्या मॅनेजरने एका स्वयंसेवी संस्थेला फोन लावला. गाडी चार चाळीसला पोचली. भाताच्या मधोमध तापमापक खुपसला तर ४१ अंश सेल्सिअस. पातेले चुलीवरून कधी उतरवले, हे कुणालाच नीट सांगता येईना. कोणी सव्वाबारा म्हणाले, कोणी एक. संस्थेने जिलेबी आणि पुऱ्या घेतल्या, बाकीचे नाकारले. पाच वाजता कार्यालय रिकामे करायचे होते. भात, वरण, भाजी, पनीर, सगळे ओल्या कचऱ्याच्या पिंपात गेले.

हे आकडे कुठल्या एका लग्नाचे नाहीत. या आकाराच्या लग्नात जी प्रमाणे आणि ज्या वेळा नेहमी दिसतात, त्यांवरून प्रकरण उभे केले आहे. नावे त्यामुळेच नाहीत. पण यातली एकही गोष्ट दुर्मीळ नाही. सगळ्यांची इच्छा चांगली, देणारा तयार, घेणारा दारात आणि तरीही सुमारे दीडशे माणसांचे जेवण पिंपात, हे चित्र लग्नसराईत गावोगाव दिसते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले ६० टक्के घराघरांतले, २८ टक्के खानपान सेवांमधले. घरातल्या अन्नाचे शहाणपण प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात ठरते, त्यावर धोरणाची पकड कमी. खानपान सेवेचे तसे नाही. तिथे परवाना आहे, करार आहे, बिल आहे, जबाबदार माणूस आहे. म्हणून मंगल कार्यालयाचे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे.

नियम काय सांगतात

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, जादा अन्न गोळा करून वाटण्यासाठी २०१९ मध्ये स्वतंत्र नियमावली काढली. ती १ जुलै २०२० पासून लागू झाली. तिचा गाभा सोपा आहे. अन्नव्यवसाय करणारा कोणीही, हॉटेल, केटरर, दुकान, कारखाना, आपल्याकडचे न वापरलेले पण सुरक्षित अन्न दान करू शकतो. ते गोळा करून गरजूंना विनामूल्य वाटणाऱ्या संस्थेने नोंदणी करायची. दान केलेले अन्न विकायचे नाही आणि पाकिटावर तसे लिहायचे. शिजवलेल्या अन्नाच्या डब्यावर पदार्थाचे नाव, ते कुठून आले, कधी शिजवले, कधीपर्यंत खायचे आणि शाकाहारी की मांसाहारी, एवढे हवे. कोणाकडून, काय, किती आणि कधी मिळाले, याची नोंद ठेवायची. पानात वाढून झालेले अन्न या व्यवहारात येतच नाही. ते उष्टे, त्याची वाट वेगळी.

नियमावली चांगली आहे. तिच्यामुळे "कायद्याने चालत नाही" ही जुनी सबब उरली नाही. पण ती देणाऱ्याकडे पाहते आणि घेणाऱ्याकडे पाहते. या दोघांच्या मधला दीड-दोन तासांचा पट्टा मात्र मोकळा राहतो. पातेले चुलीवरून उतरल्यापासून घास तोंडात जाईपर्यंत अन्न गरम कोणी ठेवायचे, गाडीचे पैसे कोणी द्यायचे, "आता हे जादा आहे" हे कोणी आणि केव्हा ठरवायचे? वरच्या प्रकरणात अन्न हरले ते नेमके याच पट्ट्यात. साडेतीन वाजता केलेला फोन हा दानाचा फोन नव्हताच. तोवर ते अन्न दानाच्या लायकीचे उरले नव्हते.

संस्थेने नाकारले ते बरोबरच

या नकारावर मंडळी रागावतात. "आम्ही आत्ता हेच जेवलो, आम्हाला काही झाले नाही," असे ऐकवतात. त्यांनी ते दीड वाजता खाल्लेले असते. चार चाळीसचा भात हा वेगळा भात आहे.

शिजवलेल्या अन्नासाठी ५ ते ६० अंश हा धोक्याचा टापू. या टापूत अन्नाने घालवलेला सगळा वेळ बेरजेने मोजायचा. दोन तासांच्या आत असेल तर पुन्हा कडक गरम करून किंवा झटपट थंड करून पुढे नेता येते. दोन ते चार तासांत असेल तर लगेच खाऊन संपवायचे, साठवायचे नाही. चार तासांपुढे टाकून द्यायचे. उघड्या पातेल्यातला, सतत ढवळला जाणारा भात दीडच्या सुमारास ६० च्या खाली आला असे धरले, तर गाडी आली तेव्हा तीन तास दहा मिनिटे झालेली होती. भरणे, प्रवास, वाटप धरून सहा वाजले असते, म्हणजे साडेचार तास.

भाताची गोष्ट विशेष कडक आहे. तांदळात बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवण्याच्या उष्णतेत मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि त्यांतले काही प्रकार उलट्या घडवणारे विष तयार करतात. हे विष पुन्हा उकळले तरी नष्ट होत नाही. म्हणून "वाटण्याआधी वाफ काढू" हा उपाय उशीर झालेल्या भाताला लागू पडत नाही. वरण आणि रश्श्याच्या मोठ्या पातेल्यात वेगळा पाहुणा असतो, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जिवाणू. त्याला हवा नको असते आणि खोल पातेल्याचा हळूहळू निवणारा मधला भाग त्याला फार मानवतो. वरून वरण गार लागते, आत ४५ अंश असते. म्हणून तापमान नेहमी मधोमध मोजायचे, कडेला नाही.

प्रत्येक पदार्थाचा निकाल वेगळा लागतो. हे केटररच्या माणसांना पाठ असायला हवे. जिलेबीत साखर इतकी असते की जिवाणूंना पाणी मिळत नाही. झाकून ठेवली की ती टिकते. पुऱ्या कोरड्या, त्याही चालतात. श्रीखंड आंबट आणि गोड, त्यामुळे तुलनेने तग धरणारे, पण ते बर्फाच्या पेटीत ५ अंशांच्या आसपास राहिलेले असेल तरच घ्यायचे. टेबलावर डाव घालून ठेवलेले घ्यायचे नाही, कारण हाताळण्यातून येणाऱ्या स्टॅफिलोकोकस या जिवाणूचे विषही तापवून जात नाही. पनीरची ओली भाजी सगळ्यांत आधी हलवायची किंवा सोडायची. कोशिंबीर घ्यायचीच नाही. कच्ची काकडी, दही, दाण्याचे कूट, मीठ पडून सुटलेले पाणी, यातले काहीच प्रवासाला धार्जिणे नाही. मठ्ठाही नको, आणि त्याचे कारण दह्यापेक्षा बर्फात जास्त आहे. मठ्ठ्यात सिल्लीचा बर्फ फोडून टाकलेला असतो आणि तो खाण्याचा होता की नाही, हे कोणी पाहिलेले नसते. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याची सक्ती आहे. तरीही खातरी नसेल तेव्हा सोडून देणे हाच मार्ग. मळलेली कणीक कच्ची. ती केटररने परत न्यावी आणि शीतपेटीतून न्यावी.

घड्याळ उलटे फिरवून पाहू

हेच लग्न, हेच ६१० पाहुणे. आता निर्णय पावणेदोनला घेतला तर काय होते?

८०० पानांना माणशी १६० ग्रॅम धरून शिजवलेला मसालेभात १२८ किलो होतो. तो चार पातेल्यांत असतो, प्रत्येकी ३२ किलोच्या आसपास. पहिल्या प्रकारात चारही पातेली टेबलामागे ओळीने उघडी ठेवलेली होती आणि वाढपी हाताला येईल त्यातून भरत होते. त्यामुळे शेवटी उरलेला ३० किलो भात चार अर्धवट पातेल्यांतला, निवलेला आणि एकमेकांत मिसळलेला होता. दुसऱ्या प्रकारात नियम एकच: एक पातेले तळ दिसेपर्यंत संपवायचे, मगच दुसऱ्याचे झाकण काढायचे. न उघडलेली पातेली झाकण घट्ट लावून मंद आचेवर, खाली जाड तवा. एवढ्याने चौथे पातेले शेवटपर्यंत ६५ अंशांच्या वर राहते आणि जादा अन्न म्हणजे काय, हे डोळ्यांना दिसते. न उघडलेले ते जादा.

आता मोजणी. ताटे ५०-५० च्या थप्प्यांनी मांडलेली असली की किती गेली, हे एका नजरेत कळते. जेवण एकला सुरू झाले. पावणेदोनला ३९० ताटे गेलेली. रांगेत आणि मांडवात न जेवलेली माणसे साधारण २००. एकूण ५९०. उशिरा येणाऱ्यांसाठी आठ टक्के जोडले की ६४० च्या जरा खाली. म्हणजे ८०० पैकी १६० पाने लागणार नाहीत, हे जेवण सुरू झाल्यावर ४५ मिनिटांत सांगता येते. मुहूर्त टळला, पाऊस आला, नवरदेवाची वरात अडकली, तर हीच मोजणी अर्ध्या तासाने पुन्हा करायची. हे काम मॅनेजरचे नाही, यजमानाचे तर मुळीच नाही. ते केटररच्या मुकादमाचे, कारण पातेली त्याच्या ताब्यात असतात.

पावणेदोनला निरोप जातो. निरोपात "अन्न उरले आहे, या" एवढे पुरत नाही. पदार्थ, अंदाजे किलो, शाकाहारी की नाही, चुलीवरून उतरवल्याची वेळ, आत्ताचे तापमान आणि गाडी कुठल्या फाटकातून आत घ्यायची, हे सगळे एका संदेशात. शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण लग्नाच्या दिवशी मुख्य फाटकासमोर वरातीच्या गाड्या आणि बँडवाले असतात. मागचे फाटक कुलूपबंद असेल तर वीस मिनिटे तिथेच जातात.

अडीचला गाडी येते. २० लिटरचे उष्णतारोधक डबे संस्थेने आणायचे. त्यांत आधी दहा मिनिटे उकळते पाणी भरून ठेवायचे, मग ते ओतून अन्न भरायचे. गार डब्यात गरम भात घातला तर पहिल्या दहा मिनिटांतच पाच-सात अंश निघून जातात. मसालेभात दाबून भरायचा नाही. एका डब्यात १० ते १२ किलो, म्हणजे ३० किलोला तीन डबे. वरणाला १२ लिटरचे दोन, भाजीला एक. भरताना मधोमध ६५ अंश हवेच, तरच दोन तासांनी ते ६० च्या वर सापडेल. तापमान कमी निघाले पण ६० च्या खाली जाऊन दोन तास झालेले नसले, तर तिथेच गॅसवर ७५ अंशांपर्यंत नेऊन मग भरायचे. तापमापकाची सळई प्रत्येक पदार्थानंतर स्पिरिटने पुसायची. मटार-पनीर ते वरण असा तोच ओला प्रवास अनेक ठिकाणी पाहायला मिळतो.

डब्यावर चिकटवायची चिठ्ठी आधीच छापलेली असावी: पदार्थ, केटररचे नाव, शिजवल्याची वेळ, किती वाजेपर्यंत खायचे, शाकाहारीची हिरवी खूण आणि "विक्रीसाठी नाही". ॲलर्जी असणाऱ्यांसाठी यात शेंगदाणे, काजू, दूध, गहू आहे का, हेही लिहिले तर उत्तम. मसालेभातात काजू असतात आणि ते दिसतातच असे नाही. नोंदीचा कागद दोन प्रतींत, दोघांच्या सह्या, भरतानाचे तापमान त्यात. प्रत्येक पदार्थाचा सुमारे २०० ग्रॅम नमुना स्वच्छ डबीत घालून केटररच्या फ्रिजमध्ये तीन दिवस ठेवायचा. पुढे कोणाला त्रास झाल्याची तक्रार आली, तर हा नमुना आणि तो कागद हेच देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे खरे संरक्षण.

तीन वाजता गाडी निघते. भात माणशी २०० ग्रॅम, वरण १५० मिलिलिटर, भाजी १०० ग्रॅम धरली तर ३० किलो, २२ लिटर आणि १४ किलोतून १४० पाने निघतात. भात दहा पानांना जास्त पुरला असता, पण भाजी १४० लाच संपते. म्हणून संस्थेने पुढे सांगायचा आकडा १४० चा.

चार वाजता कोण जेवते?

इथे आतापर्यंतचे चांगले काम वाया जाऊ शकते. दुपारच्या लग्नाचे अन्न चार वाजता वाटपाला येते आणि चार ही जेवणाची वेळ नाही. शहरी बेघरांसाठीचे रात्रनिवारे संध्याकाळी भरतात. बांधकामावरचे मजूर सहाला सुटतात. "आम्ही पोचवले" म्हणून डबे निवाऱ्यात चारला ठेवून येणारी संस्था रात्री आठला लोकांना कोमट भात खायला लावते, आणि त्या भाताचे काय होते ते वर आले आहेच.

तीन वाटा आहेत. पहिली, चारला जिथे माणसे खरोखर भुकेली असतात तिथे जाणे. ससूनसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयाबाहेर खेड्यापाड्यांतून आलेले नातेवाईक दिवसभर बसलेले असतात. त्यांतल्या अनेकांनी दुपारी चहा-बिस्किटांवर भागवलेले असते. बांधकामाच्या वस्तीत मजूर कामावर असले तरी लहान मुले आणि म्हातारी माणसे घरी असतात. १४० पैकी ८० पाने रुग्णालयाबाहेर आणि ६० वस्तीत, अशी विभागणी एका गाडीला तासाभरात जमते.

दुसरी वाट, संस्थेचे स्वतःचे स्वयंपाकघर असेल तर तिथे वरण आणि भाजी मंद आचेवर ६० च्या वर धरून ठेवणे आणि भात संध्याकाळी ताजा लावणे. वरणाला हे सोसते. मसालेभात चार तास आचेवर ठेवला की खाली करपतो, वर वाळतो.

तिसरी वाट झटपट थंड करण्याची, आणि ती सगळ्यांत अवघड. ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत यायला हवे. त्यासाठी पाच सेंटिमीटरपेक्षा खोल नसलेले ट्रे, खाली बर्फ आणि मोठा फ्रिज लागतो. पातेलेच उचलून फ्रिजमध्ये ठेवणे हा सगळ्यांत जास्त होणारा गुन्हा आहे. मधला भात पहाटेपर्यंत कोमट राहतो आणि फ्रिजमधले दूधही तापते. ज्या संस्थेकडे ही सोय नाही, तिने तिसऱ्या वाटेचे नावही काढू नये.

कुठेही जायचे असो, तिथल्या माणसाला दोनच्या सुमारास फोन करून "आज किती जण, चूल पेटली का" हे विचारायचे. तिथे जेवण आधीच शिजलेले असेल तर आपले अन्न नेऊन काय साधते? त्यांचे उरते किंवा आपले. कचऱ्याचा फक्त पत्ता बदलतो. आणि वाटताना पत्रावळ, पिण्याचे पाणी, हात धुवायची सोय या तीन गोष्टी गाडीतच हव्यात. हे जेवण आहे, आणि ते जेवणासारखे वाढले पाहिजे. आयोजकांनी फोटो काढणे पूर्ण टाळावे.

पैसे, मालकी आणि भीती

या सगळ्याला गाडी, ड्रायव्हर, दोन माणसे, डब्यांची धुलाई लागते. शहरातल्या शहरात छोट्या टेम्पोचे हजार ते पंधराशे रुपये धरले तर १४० पानांना माणशी सात ते अकरा रुपये पडतात. अन्नाच्या किमतीपुढे हे काहीच नाही, पण ते कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतात. पिंपात टाकणे यजमानाला फुकट वाटते, कारण कचरा उचलायचा खर्च कार्यालयाच्या भाड्यात लपलेला असतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक ठरवले आणि त्यांचा ओला कचरा शक्यतो त्यांच्याच आवारात जिरवण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. ज्या महापालिकेने हे मनावर घेतले आणि वजनावर शुल्क लावले, तिथे टाकण्याला किंमत आली. किंमत आली की मुकादम पावणेदोनला मोजणी करतो.

मालकीचा घोळ वेगळाच. ८०० पानांची हमी दिली म्हणजे ८०० चे पैसे ठरले. पाहुणे ६१० आले तरी बिल ८०० चे. त्यामुळे यजमानाला वाटते, उरलेले आपले. नातेवाईक डबे भरायला लागतात, टेबलावरच्या सगळ्या पातेल्यांत डाव फिरतो आणि दान करता आले असते तेही बिघडते. घरी न्यायचेच असेल तर उघडलेल्या पातेल्यातले, आणि दोन तासांच्या आत. न उघडलेले पातेले संस्थेचे. हे लग्नाच्या दिवशी ठरवायला गेले तर वाद होतो. महिनाभर आधी लिहिले तर कोणी आक्षेप घेत नाही.

भीती खरी आहे. अन्नसुरक्षा व मानके कायद्याच्या कलम ६५ खाली असुरक्षित अन्नाने कोणी दगावले तर किमान ५ लाख, गंभीर इजा झाली तर ३ लाखांपर्यंत आणि इतर इजेला १ लाखापर्यंत भरपाई द्यावी लागू शकते. अमेरिकेत १९९६ पासून बिल इमर्सन कायदा सद्‌हेतूने अन्न देणाऱ्याला, घोर निष्काळजीपणा नसेल तर, दाव्यांपासून संरक्षण देतो. आपल्याकडे इतके स्पष्ट आणि सर्वंकष संरक्षण नाही, आणि ते यायला हवे. ते येईपर्यंत तापमानाची नोंद आणि राखलेला नमुना हेच ढाल. कराच्या बाजूनेही हात आखडता आहे. आयकरातली देणगीची सवलत पैशाच्या दानाला आहे, वस्तूच्या दानाला नाही.

फ्रान्सचे उदाहरण सारखे दिले जाते, बहुतेक वेळा अर्धवट. ११ फेब्रुवारी २०१६ च्या कायद्याने तिथे ४०० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना खाण्याजोगे अन्न मुद्दाम निकामी करायला बंदी केली. ब्लीच ओतून माल नासवण्याचे प्रकार तिथे होत होते. पण त्या कायद्यातला खरा कामाचा भाग बंदीचा नाही, कराराचा आहे. दुकानाने मदतसंस्थेपुढे लेखी कराराचा प्रस्ताव ठेवायचा, म्हणजे माल शिल्लक राहण्याआधीच तो कोणाचा, कोण उचलणार आणि कोणत्या अटींवर, हे ठरलेले. दुकानातल्या दह्याच्या डब्यावर तारीख असते, त्याला दोन दिवस मिळतात. मसालेभाताला दोन तास. म्हणून आपल्याकडे आधी केलेल्या कराराची गरज फ्रान्सपेक्षा कितीतरी जास्त आहे.

पाहुण्यांची संख्याच कायद्याने बांधायचा प्रयत्नही झाला आहे. जम्मू-काश्मीरमध्ये २०१७ साली सरकारने लग्नातल्या पाहुण्यांवर आणि पदार्थांच्या संख्येवर मर्यादा घातली होती. संख्या कमी झाली तरी अंदाज चुकायचा तो चुकतोच. ४०० च्या ऑर्डरीत ३०० आले तरी चौथे पातेले उरते.

चौथे पातेले चढवूच नये

दानापेक्षा चांगली गोष्ट म्हणजे न शिजवणे, आणि मसालेभाताच्या बाबतीत ते शक्य आहे. तांदूळ धुऊन निथळत ठेवलेला, भाज्या चिरून बर्फावर, मसाला भाजून तयार. दुसरे पातेले निम्मे झाले की तिसरे चढवायचे, तिसरे निम्मे झाले की चौथ्याचा विचार. भाताला ३५ ते ४० मिनिटे लागतात, पातेले संपायला त्याहून जास्त, त्यामुळे टेबल रिकामे पडत नाही. पुऱ्यांचे हे सगळे आचारी करतातच, लागतील तशा तळतात. भाताचे करत नाहीत, कारण भात लावून झाला की आचाऱ्याची अर्धी माणसे दुपारी दुसऱ्या लग्नाला निघून जातात. हा पगाराचा प्रश्न आहे. एका आचाऱ्याला दोन तास जास्त थांबवण्याचे पैसे आणि ३० किलो मसालेभाताचे तांदूळ, तेल, काजू, गॅस यांची किंमत एका कागदावर शेजारीशेजारी मांडली, तर केटररलाच उत्तर मिळते. अर्थात, हमीच्या पानांचे पूर्ण पैसे मिळणार असतील तर वाचलेला माल केटररच्या खिशात जातो आणि यजमान "८०० चे का शिजवले नाही" म्हणून भांडतो. यावर तोडगा एकच: न शिजवलेल्या पानांची निम्मी रक्कम यजमानाला परत, असे बुकिंगमध्येच लिहायचे. मग वाचवण्यात दोघांचा फायदा.

कार्यालयाच्या बुकिंग अर्जात जे कलम घालायला हवे, ते फार तर पाच ओळींचे आहे. लग्नाच्या तीन दिवस आधी यजमानाने अंतिम संख्या कळवायची. पातेली एकेक करून उघडायची. पावणेदोनला, किंवा जेवण सुरू झाल्यावर ४५ मिनिटांनी, मुकादम मोजणी करून नोंदणीकृत संस्थेला कळवेल आणि न उघडलेले अन्न यजमानाच्या पूर्वसंमतीने तिच्याकडे जाईल. वाहतुकीसाठी अनामतीतून १,५०० रुपये वेगळे ठेवले जातील आणि वापरले गेले नाहीत तर परत मिळतील. गाडीसाठी मागचे फाटक दीड ते तीन उघडे राहील. महापालिका कार्यालयाचा परवाना देताना आणि अन्न व औषध प्रशासन केटररचा परवाना नूतनीकरण करताना या कलमाची प्रत मागू शकते. मंगल कार्यालये संख्येने मोजकी असतात, लग्ने हजारो. अधिकारी कमी असलेल्या यंत्रणेने कुठे उभे राहायचे, हे त्यावरून ठरवता येते.